कशावरून? जुनाट फुफ्फुसविकाराचं नेमकं निदान कसं मिळवायचं

आईच्या फायलीत चार वर्षं प्रत्येक कागदावर 'दमा' लिहिलेलं होतं. त्या काळात इनहेलर दोनदा बदलला, डोस वाढला, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स झाले. तरीही एका दमात दुसरा मजला गाठणारी आई पहिल्याच वळणावर कठडा धरून उभी राहू लागली. फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदाही झाली नव्हती. शेवटी ज्या छातीरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "दमा आहे हे कशावरून ठरलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिला दमा नव्हताच. पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या कणांमुळे होणारा फुफ्फुसांचा दाह होता, आणि तोवर त्याचे व्रण कायमचे उमटले होते.

तेव्हापासून घरात, नात्यात, ओळखीत कुणाला जुनी धाप किंवा खोकला असला की मी हाच प्रश्न पुढे करते. कशावरून? डॉक्टरांकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर, दोन्ही वेळा हाताशी असावं म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ओठ किंवा नखं निळसर दिसणं, धापेमुळे एक वाक्यही पुरं न होणं, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ, छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागणं, एकाच पायाला सूज आणि सोबत धाप, खोकल्यातून बरंच रक्त पडणं, यातलं काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट आपत्कालीन विभागात जा. पुढचं सगळं हळूहळू वाढत गेलेल्या त्रासाबद्दल आहे.

तक्रारी त्याच, आजार निराळे

धाप, खोकला, कफ, छातीतली घरघर. फुफ्फुसाकडे तक्रार करायला एवढेच काय ते शब्द आहेत आणि सगळे आजार तेच वापरतात. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीमध्ये त्या कायमच्या अरुंद होतात, बऱ्याच जणांत वायुकोशांच्या भिंतीही झिजतात. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये श्वासनलिका सैल, फुगलेल्या होतात आणि त्यांत कफ साचून राहतो. आयएलडी हे तर एका आजाराचं नाव नाहीच. वायुकोशांमधल्या पातळ पडद्यावर सूज किंवा व्रण आणणाऱ्या २०० हून अधिक आजारांची ती छत्री आहे. क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेली हानी, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, हे आणखी वेगळे. शिवाय हृदयाचा अशक्तपणा, रक्तक्षय आणि वाढलेलं वजन हीदेखील धापेची कारणं असतात.

नावावरून औषध ठरतं. दम्याचा कणा म्हणजे श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड. सीओपीडीचा कणा म्हणजे श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारी औषधं. आयपीएफ या व्रणांच्या आजारात फुफ्फुस आणखी कडक होण्याचा वेग कमी करणारी पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब ही औषधं लागतात. त्याच आयपीएफमध्ये प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन अशी तिहेरी औषधं पूर्वी सर्रास दिली जात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की या तिहेरी उपचाराने मृत्यू आणि इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण वाढतं. चुकीच्या नावाखाली दिलेलं औषध नुसतं वाया जात नाही, ते इजाही करू शकतं.

निदानाला उशीर होण्यात आपलाही हात असतो. फुफ्फुसात मोठा राखीव साठा असतो, त्यामुळे बरंच नुकसान होईपर्यंत बसल्या जागी काही जाणवत नाही. आणि माणूस नकळत जुळवून घेतो. जिन्याऐवजी लिफ्ट, फिरायला जायचं ते बाकावर बसणं, जड पिशवी दुसऱ्याच्या हातात. "वय झालं" या दोन शब्दांत कित्येक वर्षं निघून जातात.

पायरी पहिली: घरी बसून दोन पानं लिहा

तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं मिळतात. त्यातली सहा "कधीपासून?" या एका प्रश्नावर जातात, कारण घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. म्हणून आधीच लिहून काढा.

पहिल्या पानावर धापेचा इतिहास. "खूप दम लागतो" यातून डॉक्टरांना काही मोजता येत नाही. जगभर वापरली जाणारी ० ते ४ अशी एक साधी मोजपट्टी आहे. फक्त जोराच्या व्यायामाने धाप लागत असेल तर ०. सपाटीवर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना लागत असेल तर १. सपाटीवर आपल्या वयाच्या माणसांच्या मागे पडत असाल, किंवा आपल्या चालीने चालतानाही थांबावं लागत असेल तर २. साधारण १०० मीटरवर किंवा दोन-चार मिनिटांतच थांबावं लागत असेल तर ३. घराबाहेर पडणं अशक्य झालं असेल, कपडे बदलतानाही धाप लागत असेल तर ४. आज तुम्ही कुठे आहात, वर्षापूर्वी कुठे होतात, तीन वर्षांपूर्वी कुठे होतात, हे तीन आकडे लिहा. त्यांच्यातला फरक डॉक्टरांना खूप काही सांगतो.

त्याखाली खोकला कोरडा की ओला, कफ रोज किती आणि कोणत्या रंगाचा, रात्री किंवा पहाटे जाग येते का, काही दिवस अगदी ठणठणीत आणि काही दिवस वाईट असं होतं का. हा चढउतार दम्याकडे बोट दाखवतो. रोज भरपूर कफ आणि वारंवार छातीचा संसर्ग असेल तर ब्रॉन्किएक्टेसिसची शंका घ्यावी. कोरडा खोकला आणि दर सहा महिन्यांनी थोडी वाढलेली धाप असेल तर आयएलडीची.

दुसरं पान माझ्या मते अधिक मोलाचं, आणि तेच सहसा कोरं राहतं. त्यावर आयुष्यभर श्वासातून काय काय आत गेलं ते लिहायचं. पहिल्या नोकरीपासून प्रत्येक काम लिहा, सहा महिन्यांचं असलं तरी. दगड फोडणं, वाळूच्या माऱ्याने धातू साफ करणं, खाणकाम, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे किंवा जुन्या पाइपांचं आवरण, धान्याची आणि गवताची धूळ, वेल्डिंग, रंगाची फवारणी. अ‍ॅस्बेस्टॉसचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात, म्हणून "ते तर केव्हाच सोडलं" म्हणून वगळू नका. तंबाखूचा हिशोब पॅक-इयरमध्ये करतात. रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं. रोज १० सिगारेटी ३० वर्षं ओढल्या तर १५ पॅक-इयर. कधीच न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो. लाकूड-कोळशाच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये तो खूप आढळतो आणि त्यांना हा प्रश्न फारच क्वचित विचारला जातो.

मग घर. पाळलेले पक्षी, खिडकीत बसणारी कबुतरं, पिसांची उशी किंवा दुलई, ओल आलेली आणि बुरशी धरलेली भिंत, न धुतलेलं ह्युमिडिफायर. आईला चार वर्षांत कुणी पक्ष्यांबद्दल विचारलं नव्हतं आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कबुतरांचं घरटं होतं. ती रोज ती जागा झाडायची.

मग औषधं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडारोन, लघवीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, कर्करोगावरचं ब्लिओमायसिन, छातीवर घेतलेलं रेडिएशन, यांमुळे फुफ्फुसाला इजा होऊ शकते. रक्तदाबासाठीच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना महिनोन् महिने कोरडा खोकला येतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा दमा भडकवू शकतात, आणि डोळ्यांच्या औषधाचा उल्लेख छातीच्या डॉक्टरांकडे कुणी करत नाही. शंका आली म्हणून यातलं कुठलंच औषध स्वतःहून बंद करू नका. यादी नेऊन दाखवा.

शेवटी शरीराच्या इतर खुणा. सकाळी सांधे आखडणं, डोळे-तोंड कोरडं पडणं, थंडीत बोटं पांढरी होणं, कातडी ताठरणं या खुणा संधिवाताच्या जातीच्या आजारांच्या असतात आणि ते आजार फुफ्फुसात शिरतात. लहानपणी गोवर, डांग्या खोकला किंवा मोठा न्यूमोनिया झाला होता का? पूर्वी क्षयरोग? घरात कुणाला फुफ्फुसात व्रण होते का, कुणाचे केस फार लवकर पांढरे झाले का, कमी वयात यकृताचा आजार? काही आनुवंशिक फुफ्फुसविकारांत या गोष्टी एकत्र येतात.

पायरी दुसरी: पहिली भेट आणि साध्या तपासण्या

साध्या तपासणीतूनही बरंच कळतं, ती नीट झाली तर. पाठीवर, खाली बरगड्यांच्या टोकापर्यंत स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितलं पाहिजे. व्रण आलेल्या फुफ्फुसाच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा चरचर आवाज येतो. शर्टावरून, पुढच्या बाजूने दोन ठिकाणी ऐकलं तर तो निसटतो.

बोटांची टोकं फुगीर झालीत का, हे घरीही पाहता येतं. दोन्ही तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून एकमेकांवर टेकवा. मधे लहानशी चौकोनी फट दिसायला हवी. फट बुजली असेल तर डॉक्टरांना दाखवा. आयएलडी, ब्रॉन्किएक्टेसिस, फुफ्फुसाचा कर्करोग यांत ती बुजू शकते. नुसत्या सीओपीडीत बुजत नाही, म्हणून सीओपीडीच्या रुग्णात ही खूण दिसली तर आणखी शोध घ्यावा लागतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा एकच आकडा पाहून समाधान मानू नका. पाच मिनिटं बसून एकदा मोजा, मग चालून आल्याबरोबर मोजा. आयएलडीमध्ये बसल्या जागी ९७ आणि थोडं चालल्यावर ८८ असं होऊ शकतं. नेलपॉलिश आणि गार बोटं यांनी आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे लक्षात ठेवा.

या टप्प्यावर छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन आणि अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशींसह रक्ततपासणी, ईसीजी आणि गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी किंवा हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्तचाचणी होते. एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणजे फुफ्फुस निरोगी, असं मात्र नाही. दमा, सीओपीडी, सुरुवातीचा आयएलडी, रक्तवाहिन्यांचा आजार या सगळ्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो.

क्षयरोगाबद्दल थोडं थांबून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे, शक्य तर जंतूचा जनुकीय अंश शोधणारी. पण जुन्या क्षयाचे डाग एक्स-रेवर जन्मभर राहतात. निव्वळ ते डाग पाहून पुन्हा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होत असेल तर नम्रपणे विचारा, "थुंकीत जंतू सापडले का? जुने एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले का?" बऱ्याचदा धापेचं खरं कारण क्षयाने मागे ठेवलेली अरुंद नळ्यांची हानी असते आणि तिचा उपचार निराळा असतो.

पायरी तिसरी: स्पायरोमेट्री, आणि तीही नीट केलेली

इंग्रज डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाचा स्पायरोमीटर जगापुढे मांडला. आजचं यंत्र तळहातावर मावतं, पण तत्त्व तेच आहे. पूर्ण श्वास भरा, जोराने सोडा, किती हवा किती वेगाने बाहेर आली ते मोजा. सुई नाही, भूल नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. रक्तदाब न मोजता रक्तदाबाची गोळी देणाऱ्याला आपण प्रश्न विचारू. फुंकायची तपासणी न करता वर्षानुवर्षं इनहेलर देणाऱ्यालाही तो विचारायला हवा.

तपासणीआधी फोन करून कोणतं औषध किती तास बंद ठेवायचं ते विचारून घ्या. निदानासाठीच तपासणी असेल तर साधारणपणे साल्ब्युटामॉलसारखा झटपट इनहेलर ४ ते ६ तास, दिवसातून दोनदा घ्यायचा दीर्घ परिणामाचा २४ तास, आणि टायोट्रोपियमसारखा ३६ ते ४८ तास बंद ठेवायला सांगतात. त्रास वाढला तर थांबून राहू नका, इनहेलर घ्या आणि तिथे गेल्यावर तसं सांगा. तासभर आधी धूम्रपान आणि धावपळ नको. छाती-पोट आवळणारे कपडे नकोत. नीट बसणारी कवळी काढायची नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्यांची, मेंदूची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचा प्रकार झाला असेल तर आधी सांगा. छातीचा संसर्ग झाला असेल तर तो ओसरल्यावरच तपासणी करा.

उंची तिथे, चपला काढून मोजली गेली पाहिजे. "किती उंची?" असं तोंडी विचारून भागवलं तर सगळा हिशोब तिरका होतो, कारण तुमची अपेक्षित क्षमता वय, उंची आणि लिंगावरून काढतात. पाठीला बाक असेल तर पसरलेल्या हातांची लांबी घ्यायला सांगा.

मग फुंकणं. अगदी पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट आवळायचे आणि क्षणाचाही विलंब न करता स्फोटासारखं सोडायचं. संपलं असं वाटलं तरी तंत्रज्ञ 'बास' म्हणेपर्यंत सोडत राहायचं. हे दमवणारं असतं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून बसूनच करा. किमान तीन चांगले प्रयत्न हवेत आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनांमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. शेजारी उभा राहून "सोडा, सोडा, अजून सोडा" असं ओरडणारा तंत्रज्ञ मिळाला तर नशीब समजा. तपासणीचा अर्धा दर्जा त्याच्या आवाजात असतो.

त्यानंतर साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तीच तपासणी करतात. हा दुसरा भाग वगळू देऊ नका. दमा की सीओपीडी, या प्रश्नाच्या उत्तराला इथे सुरुवात होते.

रिपोर्टवर सुरुवातीला तीन आकडे पाहा. एफव्हीसी म्हणजे एकूण बाहेर सोडलेली हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली. तिसरा आकडा या दोघांचं गुणोत्तर. औषधानंतरही ते ०.७० च्या खाली असेल, लक्षणं आणि धूर-धुळीचा इतिहासही जुळत असेल, तर सीओपीडीचा आधार मिळतो. ०.६० ते ०.८० च्या दरम्यान असेल तर वेगळ्या दिवशी पुन्हा करून पाहणं शहाणपणाचं, कारण काठावरचे आकडे इकडचे तिकडे होतात. वयाबरोबर हे गुणोत्तर आपोआप उतरतं. त्यामुळे ऐंशीच्या माणसाला उगाच सीओपीडीचा शिक्का बसू शकतो आणि पस्तिशीतल्या माणसाचा खरा आजार निसटू शकतो. म्हणून रिपोर्टवर 'नॉर्मलची खालची मर्यादा' किंवा झेड-स्कोअर छापलेला असेल तर तोही विचारा. झेड-स्कोअर उणे १.६४ पेक्षा खाली म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी.

औषधाने एफईव्ही-१ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढलं तर नळ्या मोकळ्या होतात असा अर्थ, जो दम्याच्या बाजूने जातो. अलीकडच्या नियमात ही वाढ अपेक्षित क्षमतेच्या १० टक्क्यांहून जास्त हवी असं धरतात. पण दमेकऱ्याची तपासणी बऱ्या दिवशी पूर्ण नॉर्मल येऊ शकते. तेव्हा "दमा नाही" असं म्हणून घरी पाठवणंही चूकच. अशा वेळी पीक-फ्लो मीटरवर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून नोंद ठेवतात. मोठ्या माणसांत रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल तर दम्याला पुष्टी मिळते. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी आणि श्वासनलिका किती सहज आकसतात ते पाहणारी मेथाकोलीन चाचणी हे पुढचे पर्याय.

आणि गुणोत्तर चांगलं, पण एफव्हीसीच कमी? रिपोर्टवर तेव्हा 'रिस्ट्रिक्शन', म्हणजे फुफ्फुस आकसलंय, असं लिहून येतं. ते अनुमान असतं. श्वास अर्धवट सोडला तरी तसाच आकडा येतो. त्याच्या खात्रीसाठी पुढची पायरी.

पायरी चौथी: फुफ्फुसात किती मावतं आणि रक्तात किती उतरतं

फुफ्फुसाची एकूण क्षमता मोजायला काचेच्या बंद पेटीत बसवतात किंवा वायू मिसळून मोजतात. ती खरोखर कमी निघाली तरच आकसलेलं फुफ्फुस म्हणायचं.

डीएलसीओ ही दुसरी तपासणी मला सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि सगळ्यांत बोलकी वाटते. कार्बन मोनॉक्साइडचा अगदी सूक्ष्म अंश असलेली हवा आत घेऊन १० सेकंद रोखायची. किती वायू रक्तात उतरला यावरून पडद्याची तब्येत कळते. दम्यात हा आकडा सहसा चांगला असतो, कधी वाढलेलाही. वायुकोश झिजले असतील, पडदा जाड झाला असेल किंवा रक्तवाहिन्या बिघडल्या असतील तर तो पडतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी पडतो, म्हणून त्याच दिवसाचं हिमोग्लोबिन हिशोबात धरावं लागतं.

ज्यांच्या फुफ्फुसात वर वायुकोशांची झीज आणि खाली व्रण, असे दोन्ही आजार एकत्र असतात त्यांची स्पायरोमेट्री जवळजवळ नॉर्मल येऊ शकते. एक आजार फुफ्फुस फुगवतो, दुसरा आकसवतो, बेरीज शून्य दिसते. माणूस मात्र वीस पावलांत दमतो. अशांचा डीएलसीओ खूपच खाली असतो.

सोबत सहा मिनिटांची चाल. शक्यतो ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत, आपल्या वेगाने. किती मीटर झाले आणि ऑक्सिजन कुठवर उतरला, दोन्ही आकडे रिपोर्टवर असू द्या.

पायरी पाचवी: सीटी स्कॅन, पण कोणता?

'छातीचा सीटी' हे एक नाव नाही. आयएलडी किंवा ब्रॉन्किएक्टेसिसची शंका असेल तर पातळ कापांचा एचआरसीटी लागतो आणि त्याला शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागत नाही. आयएलडीसाठी पालथं झोपवूनही चित्रं घेतात, कारण उताणं झोपल्यावर फुफ्फुसाच्या तळाशी नुसत्या वजनानेही सावली पडते. श्वास सोडून घेतलेल्या चित्रांत अडकून राहिलेली हवा दिसते. आईच्या पहिल्या सीटीत ही चित्रं नव्हती. दुसऱ्या वेळी घेतली तेव्हा अडकलेल्या हवेचे ठिपके स्पष्ट दिसले आणि निदान त्या दिशेने वळलं. रक्ताच्या गुठळीची शंका असेल तर मात्र रंगद्रव्याचा सीटी लागतो. म्हणून चिठ्ठीवर "कशासाठी" हे लिहिलेलं हवं.

रिपोर्टचा कागद पुरत नाही. चित्रांची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्या आणि जपा. दुसरा तज्ज्ञ शब्दांवरून मत देत नाही, चित्रं पाहूनच देतो. आणि जुन्या चित्रांशी तुलना करता आली तर आजार थांबलाय की वाढतोय हे दिसतं.

पायरी सहावी: नेमक्या शंकेसाठी नेमक्या चाचण्या

इथे सरसकट पॅकेज उपयोगी नाही. सीओपीडी ठरला असेल तर आयुष्यात एकदा अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मोजून घ्यावं. या प्रथिनाच्या आनुवंशिक कमतरतेमुळे कमी वयात फुफ्फुस झिजतं. तसा एकदा तपास व्हावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्येच सुचवलं होतं. ब्रॉन्किएक्टेसिस असेल तर कफाचं कल्चर, त्यात क्षयाच्या जंतूचे भाऊबंदही शोधायला सांगा. शिवाय प्रतिकारशक्तीची इम्युनोग्लोब्युलिनं, एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन) आणि अ‍ॅस्परजिलस बुरशीविरुद्धचं आयजीई. आयएलडी असेल तर संधिवाताच्या जातीच्या आजारांच्या रक्तचाचण्या. सगळं तपासूनही धापेचा मेळ बसत नसेल तर हृदयाची सोनोग्राफी आणि फुफ्फुसात हवा व रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा व्ही-क्यू स्कॅन, कारण रक्ताच्या जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्या याच स्कॅनमध्ये उत्तम दिसतात. सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा झोप येते? मग धमनीतलं रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजायला हवा. ऑक्सिमीटर तो दाखवत नाही.

पायरी सातवी: तुकडा काढायचा का?

बायोप्सीचं नाव निघालं की घर हादरतं. खरं तर एचआरसीटीवर मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा ठरावीक नमुना दिसला आणि इतर कारणं नाहीत असं ठरलं, तर आयपीएफसाठी बायोप्सी लागतच नाही. जिथे चित्र संदिग्ध असतं तिथे आधी दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन त्या पाण्यातल्या पेशी पाहतात. आईच्या बाबतीत त्यात लिम्फोसाइट पेशी खूप वाढलेल्या निघाल्या, आणि पक्ष्यांचा इतिहास व सीटी जोडून तुकडा न काढताच निदान झालं. बायोप्सी करायचीच असेल तर दोन प्रश्न विचारा. उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल तर ती कशासाठी? आणि फुफ्फुसाची आजची ताकद ती सोसेल का?

त्याआधी मात्र एक आग्रह धरा. छातीरोगतज्ज्ञ, आयएलडीची चित्रं नेहमी पाहणारा रेडिओलॉजिस्ट, गरजेप्रमाणे संधिवाततज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून केस पाहावी. आयएलडीच्या निदानात ही बैठक हाच सगळ्यांत भरवशाचा मार्ग मानला जातो. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत अशा बैठका होतात. लांब असेल तर तुमचे डॉक्टर चित्रं आणि कागद पाठवून मत मागवू शकतात.

पायरी आठवी: निदान हाती आल्यावर

नाव ऐकून उठू नका. आणखी तीन गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तरं तिथेच लिहा. हे निदान कशावरून? किती खात्री आहे? आणि ते चुकलं असेल तर आपल्याला कसं कळेल? चांगले डॉक्टर तिसऱ्या प्रश्नावर रागावत नाहीत. "तीन महिन्यांत एवढा फरक पडायला हवा, नाही पडला तर पुन्हा पाहू," असं काहीतरी ते सांगतात. निदान तात्पुरतं असेल तर कागदावर तसं लिहायला सांगा. नाहीतर 'शक्यता' या शब्दाचा पुढच्या कागदावर आपोआप 'आजार' होतो आणि मग तो कुणी तपासत नाही.

औषधाने फरक पडला नाही तर आधी इनहेलर घेण्याची पद्धत कुणाला तरी समोर करून दाखवा. फार लोक चुकीच्या पद्धतीने घेतात आणि औषध घशातच राहतं. पद्धत बरोबर आहे, औषध नेमाने घेतलं, तरी तब्येतीची घसरण चालूच आहे, असं असेल तर डोस वाढवण्याआधी निदानच पुन्हा तपासायची वेळ आली आहे. दुसरं मत घेताना पहिल्या डॉक्टरांना सांगूनच घ्या. सारांशाचा कागद तेच देतात आणि पुढेही बहुधा त्यांच्याकडेच जायचं असतं.

आईच्या फायलीचं पहिलं पान आता मी स्वतः लिहिते. वर निदान आणि त्याचा आधार. खाली तारीखवार चार रकाने आहेत: एफव्हीसी, डीएलसीओ, सहा मिनिटांत चाललेले मीटर, चालताना उतरलेला ऑक्सिजन. दर चार महिन्यांनी एक ओळ वाढते. खिडकीला जाळी बसवून, घर धुऊन आणि औषध बदलून आता तीन वर्षं झाली. गेलेली क्षमता परत आली नाही. शेवटच्या पाच ओळींतले आकडे मात्र जवळजवळ सारखे आहेत.